१ जानेवारी, एक अर्धवट गावकुसू आणि ओकच्या फळांची भाकरी

नवं वर्ष १ जानेवारीलाच का सुरू होतं? ३१ डिसेंबरच्या रात्री हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. पडलाच, तर त्याच्या उत्तराचा माग काढत आपण स्पेनमधल्या एका जुन्या गावाच्या कुसवापाशी जाऊन पोचतो. गावाचं नाव सेगेडा. सारागोसा शहराच्या नैर्ऋत्येला मारा नावाचं खेडं आहे, त्याच्याजवळ त्याचे अवशेष सापडलेत.

इ.स.पू. १५४ च्या सुमारास सेगेडाच्या लोकांनी आजूबाजूच्या लहान वस्त्यांना आपल्यात ओढून घेतलं, काहींना समजावून तर काहींना दमदाटी करून. मग सगळ्यांना पुरेल असं नवं गावकुसू बांधायला काढलं. अपियन हा इतिहासकार त्याचा घेर ४० स्टेडिया सांगतो, म्हणजे सात किलोमीटरच्या वर. रोमच्या सिनेटने ताबडतोब हरकत घेतली. ग्राकस या सेनापतीशी पंचवीस वर्षांपूर्वी तुमचा तह झालाय, त्यात नवी गावं बांधायची नाहीत असं ठरलंय, भिंत थांबवा. सेगेडाकरांचं उत्तर असं : तहात नवं गाव वसवायला मनाई आहे, असलेल्या गावाला भिंत घालायला नाही. हा युक्तिवाद आपल्याकडच्या कुठल्याही दिवाणी वकिलाला आवडावा.

रोमला आवडला नाही. पण अडचण अशी की रोमचे कॉन्सल, म्हणजे वर्षाचे मुख्य अधिकारी, पदावर यायचे १५ मार्चला. त्यानंतर फौज उभी करून स्पेनला पोचेपर्यंत लढाईचा निम्मा हंगाम संपायचा. म्हणून इ.स.पू. १५३ साली पदग्रहणाची तारीख अलीकडे ओढून १ जानेवारी केली, आणि ती तशीच राहिली. मधल्या काळात युरोपात वर्षारंभाच्या तारखा पुष्कळ इकडच्या तिकडे झाल्या, पण १ जानेवारीला हा मान पहिल्यांदा मिळाला तो या भिंतीपायी.

कॉन्सल नोबिलिओर जवळपास तीस हजारांची फौज घेऊन आला तेव्हा भिंत अजून अर्धवटच होती. सेगेडाचे लोक बायकापोरांसकट शेजारच्या आरेवासी टोळीकडे निघून गेले. त्या टोळीने त्यांना आसरा तर दिलाच, वर सेगेडाच्याच कारोस नावाच्या माणसाला आपला सेनापती नेमलं. २३ ऑगस्टला, रोमनांच्या व्हल्कन देवाच्या सणादिवशी, कारोसने दबा धरून सहा हजार रोमन कापले. पळणाऱ्यांचा पाठलाग करताना तो स्वतःही पडला. पुढे त्या तारखेला रोमन सेनापती आपणहून लढाईला उभे राहत नसत.

तर ही माणसं होती कोण?

बैलाच्या कातड्यावरचे लोक

स्ट्रेबो हा ग्रीक भूगोलकार म्हणतो की आयबेरियाचा आकार अंथरलेल्या बैलाच्या कातड्यासारखा आहे. स्पेन आणि पोर्तुगालचा नकाशा समोर घेतला तर उपमा पटते. रोमन यायच्या आधी या कातड्यावर राहणाऱ्या लोकांना सरसकट ‘आयबेरियन’ म्हणायची पद्धत आहे, पण त्याने घोळ होतो. सोपं करून सांगायचं तर नकाशा उभा दुमडा. भूमध्य समुद्राच्या बाजूचा, पूर्वेचा आणि दक्षिणेचा पट्टा खऱ्या अर्थाने आयबेरियन लोकांचा. त्यांची गावं टेकड्यांवर, व्यापार ग्रीक आणि फिनिशियन लोकांशी, आणि भाषा अशी की जी आजच्या युरोपातल्या कुठल्याही मोठ्या भाषाकुटुंबात बसत नाही. मधलं उंच पठार आणि पश्चिम भाग मात्र बहुतांशी केल्टिक किंवा त्यांच्या जवळच्या भाषा बोलणाऱ्यांचा. पठाराच्या पूर्वेकडच्या केल्टिक टोळ्यांना ग्रीक-रोमनांनी केल्टिबेरियन असं जोडनाव दिलं. सेगेडा त्यांचंच. त्यांच्या पश्चिमेला ड्युएरो नदीच्या मैदानात गहू पिकवणारे वाकाई, गुरं राखणारे वेट्टोन, अटलांटिककडे लुसितानी आणि उत्तरेच्या डोंगरात कांताब्री. आजच्या पाम्प्लोनाभोवती वास्कोन, ज्यांच्या नावाची आठवण ‘बास्क’ या शब्दात उरली आहे.

केल्ट म्हणजे एक वंश, एक राजा, एक झेंडा असं काही नव्हतं. केल्ट म्हणजे एकमेकींच्या सख्ख्या-चुलत भाषा बोलणारे लोक. आयरिश आणि वेल्श या त्या घरातल्या आजही जिवंत असलेल्या भाषा. स्पेनमधली शाखा वाळून गेली.

आता या लोकांविषयी कळतं ते कुठून? दोन जागांहून. एक, ग्रीक-रोमनांचं लिखाण. दोन, जमीन. पहिल्यात मजा आहे पण खोट आहे. स्ट्रेबोने आयबेरियावर अख्खा भाग लिहिला, पण त्याने कधी तिथे पाऊल टाकलं नाही. त्याने पॉलिबियस आणि पोसिडोनियससारख्या आधीच्या लेखकांवरून उतरवून काढलं. शिवाय त्याला सांगायचं होतं की ही माणसं रानटी होती आणि रोमने त्यांना माणसात आणलं. तेव्हा त्याचं ऐकताना, भाऊबंदकीच्या वादात एकाच भावाचं ऐकतोय हे लक्षात ठेवावं. जमीन मात्र कुणाची बाजू घेत नाही. कधी ती स्ट्रेबोला खोटं पाडते, कधी चक्क त्याला दुजोरा देते.

पोटाचं काय?

स्ट्रेबो सांगतो की डोंगरातले लोक वर्षाचे दोन तृतीयांश महिने ओकच्या फळांवर काढतात. ती वाळवायची, कांडायची, दळायची आणि त्या पिठाची भाकरी करायची. ती बराच काळ टिकते. वाईन क्वचित, आणि मिळाली की भावकीत बसून एका बैठकीत संपवायची. रोजचं पेय धान्याची बिअर. ऑलिव्हच्या तेलाऐवजी लोणी. जेवताना भिंतीच्या कडेने बांधलेल्या बाकांवर वयाने आणि मानाने ओळीत बसायचं आणि ताट एकाकडून दुसऱ्याकडे सरकवायचं.

रोमन वाचकाला हे वाचून नाक मुरडावंसं वाटे, कारण त्याच्या लेखी सुधारलेला माणूस म्हणजे गहू, वाईन आणि तेल. ओकची फळं म्हणजे डुकरांचं खाणं. पण स्पेनमधल्या एका जातीच्या ओकची फळं चक्क गोडसर लागतात. आणि नुमान्तिया या केल्टिबेरियन गावच्या स्मशानातल्या जळक्या हाडांची रासायनिक तपासणी झाली तेव्हा दिसलं की त्यांच्या आहारात मांस कमी आणि ओकफळं, कंद, सुकी फळं अशा वनस्पती भरपूर होत्या. घोड्यावर बसून भाला फेकणारे हे योद्धे पोटाला डोंगरातला रानमेवा खात होते. इथे स्ट्रेबोला पैकीच्या पैकी गुण द्यायला हवेत.

त्यांच्या दारूची कृतीही एका रोमन लेखकाने जपून ठेवली आहे. नाव काएलिया. गहू भिजवून मोड आणायचे, ते वाळवून दळायचं, मग त्याचा रस आंबवायचा. हे नुमान्तियाच्या शेवटच्या दिवसांबद्दल सांगताना ओरोसियसने लिहिलंय : अखेरच्या चढाईवर निघण्याआधी गावाने काएलिया पोटभर प्यायली. मध घातलेली वाईनही त्यांना आवडे, पण वाईन व्यापाऱ्यांकडून विकत घ्यावी लागे, मध घरचा.

वाकाई लोकांबद्दल डायोडोरस हा ग्रीक इतिहासकार जे सांगतो ते मला सगळ्यात विलक्षण वाटतं. ते दरवर्षी जमिनीची नव्याने वाटणी करत, पीक सगळ्यांचं सामायिक, ज्याचा वाटा त्याला मिळे, आणि जो शेतकरी धान्य लपवून ठेवी त्याला देहदंड. यावरून पुढे स्पेनमध्ये लोकांनी आपापल्या राजकारणाला पाहिजे तसे अर्थ काढले. एवढं मात्र पक्कं की या मैदानातलं धान्य शेजाऱ्यांनाही पोसत होतं. नुमान्तियाला वेढा घालण्याआधी रोमन सेनापती स्किपिओने पहिल्यांदा वाकाईंची शेतं जाळली.

मुताने दात घासणे वगैरे

हा भाग टाळता येत नाही. डायोडोरस आणि स्ट्रेबो दोघेही सांगतात की हे लोक साठवून मुरवलेल्या मुताने अंघोळ करतात आणि त्यानेच दात घासतात. रोमन कवी काटुलसने तर एग्नाशियस नावाच्या एका केल्टिबेरियन गृहस्थाची यावरून अशी खिल्ली उडवली की बिचारा दोन हजार वर्षं दात विचकतोच आहे. तुझे दात जितके शुभ्र, असा त्या कवितेचा भाव, तितकं तू जास्त प्यायलेलं.

मुरलेल्या मुतात अमोनिया असतो आणि त्याने डाग निघतात. हे रोमनांना चांगलं ठाऊक होतं, कारण रोममधले धोबी कपडे धुवायला तेच वापरत. कपडे धुतले तर धंदा आणि दात घासले तर रानटीपणा, असा हा न्याय.

त्याच स्ट्रेबोच्या लिखाणात एक वाक्य आहे ज्याकडे फार कुणाचं लक्ष जात नाही. ड्युएरो नदीकाठचे काही लोक अंगाला तेल लावतात, तापवलेल्या दगडांच्या वाफेने घाम काढतात, मग थंड पाण्याने अंघोळ करतात आणि दिवसातून एकदाच स्वच्छ, साधं जेवतात. आता पोर्तुगालच्या उत्तरेला, गिमारायंश गावाजवळच्या सितानिया दे ब्रितेइरुशला चला. डोंगरमाथ्यावर तटांच्या आत दगडी घरांचं अख्खं गाव आहे, त्यातली बरीच घरं गोल. वायव्येकडची अशी तटबंदीची गावं ‘कास्त्रो’ म्हणून ओळखली जातात. या गावात नक्षीने भरलेली एक प्रचंड शिळा सापडली होती, जिला लोक नुसतंच ‘देखणा दगड’ म्हणत. तिच्या खालच्या बाजूला एक अर्धगोल भोक आहे, एक माणूस रांगत जाईल एवढंच. हा यज्ञाचा दगड असेल, प्रेत जाळायची भट्टी असेल, असे तर्क चालले. १९३० साली त्याच टेकडीवर तशीच दुसरी शिळा जागच्या जागी उभी सापडली, आणि तिच्यामागे खोली, भट्टी आणि पाण्याची कुंडी. भोकाचं कोडं सुटलं. दार जितकं लहान, तितकी वाफ आत टिकते. रांगत आत जायचं, घामाघूम व्हायचं, रांगत बाहेर यायचं आणि गार पाणी अंगावर घ्यायचं. मुताची अंघोळ अजून कुठे सापडलेली नाही. वाफेची सापडली.

जोडाक्षर नसलेली लिपी

इथे थोडं थांबू, कारण या लोकांनी स्वतः लिहिलेलं आहे आणि ते मराठी वाचकाला इतरांपेक्षा सोपं जावं.

आयबेरियन लोकांनी एक लिपी घडवली आणि पुढे केल्टिबेरियनांनी ती उचलली. १९२० च्या दशकात मानुएल गोमेझ-मोरेनो या स्पॅनिश अभ्यासकाने तिची गुरुकिल्ली शोधली : ही लिपी अर्धी वर्णमाला आणि अर्धी बाराखडी आहे. अ, ए, इ, ओ, उ यांना स्वतंत्र चिन्हं. ल, र, म, न, स यांनाही एकेक चिन्ह. पण क, त, ब आले की गोष्ट बदलते. तिथे ‘का’ला एक चिन्ह, ‘के’ला दुसरं, ‘कि’ला तिसरं, आणि त्यांचा एकमेकांशी दिसण्यात काही संबंध नाही. मात्रा नाही, वेलांटी नाही, पाठच करायचं. शिवाय क आणि ग यांना बहुतेक वेळा एकच चिन्ह, त आणि द यांनाही एकच. जोडाक्षराची सोयच नाही. त्यामुळे ‘त्रि’ लिहायचं तर ‘तिरि’ लिहावं लागे.

या किल्लीने आयबेरियन लेख खडाखडा वाचता येतात, पण अर्थ लागत नाही. शिशाच्या पत्र्यांवर लिहिलेले त्यांचे लेख आहेत, त्यातले काही तर ग्रीक अक्षरांत. वाचा आणि बसा. केल्टिबेरियनचं तसं नाही. ती आपल्या दूरच्या नात्यातली आहे, म्हणजे संस्कृत, लॅटिन, ग्रीक, मराठी ज्या मोठ्या कुटुंबातल्या, त्याच कुटुंबातली.

१९७० मध्ये सारागोसाजवळच्या बोतोर्रिता गावी, जुन्या कोंट्रेबिया बेलाइस्का शहराच्या जागी, काशाचा एक पत्रा सापडला. दोन्ही बाजूंनी बारीक कोरलेला. त्याच्या पहिल्याच ओळीत दोन नावं येतात : ‘तोकोइतोस्क्वे सार्निकिओक्वे’. शेवटचा ‘क्वे’ म्हणजे ‘आणि’. लॅटिनमध्ये तो तसाच आहे आणि संस्कृतात त्याचा ‘च’ झाला. ‘रामस्य च लक्ष्मणस्य च’ म्हणावं, अगदी तीच ठेवण, ‘आणि’ दोन्ही नावांना मागून चिकटवलेला. त्याच पत्र्यात ‘उता’ हा शब्द आहे. वेदातला ‘उत’, तोही ‘आणि’ याच अर्थाचा. १९९२ मध्ये तिथेच दोनशेहून जास्त माणसांच्या नावांची यादी असलेला आणखी एक पत्रा मिळाला. त्यात ‘तुआतेरेस’ असा शब्द येतो. त आणि द एकाच चिन्हाने लिहितात हे आठवा आणि ‘दुआतेरेस’ वाचा. मुली. दुहिता. शाळेत पाठ केलेला शब्द एब्रो नदीच्या खोऱ्यात, काशावर, रोमनांच्या काळातला.

माणसांची नावं लिहायची त्यांची रीतही ओळखीची वाटेल. आपण नाव, वडिलांचं नाव, आडनाव लिहितो. ते नाव, मग कुळाचं नाव, मग वडिलांचं नाव लिहीत. ‘लुब्बुस, उर्दिनोकांचा, लेतोंदोचा मुलगा.’ बँकेच्या फॉर्मवर मधला आणि शेवटचा रकाना अदलाबदल केला की झालं. रोमनांचं राज्य आल्यावरही कुळाचं हे मधलं नाव बराच काळ टिकून राहिलं.

बासाची बाई

किनाऱ्याकडच्या आयबेरियन लोकांबद्दल ग्रीक-रोमनांनी फार लिहिलेलं नाही आणि त्यांची भाषा कळत नाही, तेव्हा त्यांच्या मूर्तींकडेच बघावं लागतं. एल्चेची बाई जगप्रसिद्ध आहे. १८९७ साली शेतात सापडली, तडक पॅरिसच्या लुव्रमध्ये गेली, १९४१ साली परत आली. कानांवर चाकाएवढी दोन गोल आभूषणं, गळ्यात माळांवर माळा, आणि पाठीत एक पोकळी.

पण मला विचाराल तर खरी गोष्ट बासाच्या बाईची आहे. १९७१ च्या जुलैत ग्रनाडा प्रांतातल्या बासा गावी एका थडग्यात ती सापडली. चुनखडीची, सुमारे १.३ मीटर उंचीची, पंखांच्या सिंहासनावर बसलेली, अंगावरचे निळे-लाल रंग अजून शाबूत. डाव्या मुठीत एक लहानसं पाखरू. सिंहासनाच्या बाजूला एक कोनाडा आणि त्यात जळक्या हाडांची राख. थडग्यात तिच्या पायाशी शस्त्रं ठेवलेली होती, एकाची नव्हे, अनेक योद्ध्यांना पुरतील इतकी. साहजिकच आधी वाटलं, आतला माणूस कुणी सरदार असणार. हाडं तपासल्यावर कळलं, ती एका तरुण बाईची होती. इ.स.पू. चौथ्या शतकात शस्त्रांसह पुरण्याइतका मान त्या बाईला होता. का, हे शस्त्रं सांगत नाहीत.

उत्तरेकडच्या कांताब्रींबद्दल स्ट्रेबो जे लिहितो ते इथे आठवतं : तिथे नवरा बायकोला हुंडा देतो, वारसा मुलीला मिळतो आणि बहिणी भावांची लग्नं लावून देतात. यावर त्याचा शेरा असा की हे एक प्रकारचं बायकांचं राज्य झालं आणि ते काही सुधारलेपणाचं लक्षण नव्हे. बाळंतपण झालं की बायको कामाला लागते आणि नवराच खाटेवर पडून सेवा करून घेतो, हेही तो सांगतो. पहिली बातमी तो नापसंतीने देतो म्हणून मला ती खरी वाटते, दुसरी चवीने सांगतो म्हणून शंका येते.

आयबेरियन लोक सगळेच पाखरं हातात घेऊन बसत नसत, हेही सांगायला हवं. कातालोनियातल्या उल्यास्त्रेत गावच्या उत्खननात लांब लोखंडी खिळे ठोकलेल्या कवट्या मिळाल्या. शत्रूंची मुंडकी रस्त्यावर दिसतील अशी टांगून ठेवलेली.

घोंगडी, गोफण आणि शब्द

केल्टिबेरियन माणूस ओळखायचा कसा? त्याच्या अंगावरच्या काळ्या जाड लोकरीच्या सागुमवरून. आपल्या धनगरी घोंगड्याचा भाऊच म्हणा, खांद्यावर काट्याने अडकवलेला. हे घोंगडं पैशासारखं चालत होतं. इ.स.पू. १५१ मध्ये लुकुल्लस हा रोमन सेनापती इंटरकाशिया गावाशी तह करताना दहा हजार घोंगडी, काही गुरं आणि पन्नास ओलीस मागतो. त्याला खरं तर सोनं-चांदी पाहिजे होती, पण या लोकांकडे ती नव्हती आणि तिचं त्यांना फारसं अप्रूपही नव्हतं. त्याआधी याच लुकुल्लसने काउका गावाशी तह करून आत शिरल्यावर कत्तल केली होती, तेव्हा रानटी कोण हा प्रश्न वाचकाने आपापला सोडवावा.

तलवारीच्या बाबतीत मात्र रोमनांनी कुरकुर न करता यांची नक्कल केली. डायोडोरस सांगतो की हे लोक लोखंडाचे पत्रे जमिनीत पुरून ठेवत, कच्चा भाग गंजून गेला की उरलेल्या पक्क्या लोखंडाची तलवार घडवत. मेल्यावर तीच तलवार वाकवून, दुमडून मालकाच्या राखेबरोबर पुरत. संग्रहालयात त्या अशा दिसतात की कुणीतरी रागाने मोडल्यात. तो राग नव्हता. धन्यामागे दुसऱ्या कुणी ती उचलू नये.

परमुलखात चाकरीला जाणं हा या भागातला जुना धंदा. इ.स.पू. ४८० मध्ये सिसिलीतल्या हिमेराच्या लढाईत उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजकडून आयबेरियन शिपाई लढले. इ.स.पू. २१६ मध्ये इटलीतल्या कान्नीच्या रणात कार्थेजच्या हॅनिबलच्या फौजेत ते जांभळ्या काठाचे तागाचे अंगरखे घालून उभे होते. मायोर्का-मेनोर्का बेटांवरच्या पोरांची गोफण तर भूमध्यभर गाजली. तीन गोफणी बाळगायच्या : एक डोक्याला बांधलेली, एक कमरेला, एक हातात. आया म्हणे खुंटीवर भाकरी ठेवत आणि नेम लागेपर्यंत पोराला खायला देत नसत. आमच्याकडे ज्वारीवरची पाखरं हाकणारी पोरं ही गोष्ट ऐकून हसतील, पण त्यांचाही नेम काही कमी नसतो.

नेत्यासाठी मरायची शपथ घ्यायची पद्धत होती. नेता पडला तर शपथ घेतलेल्याने मागे जगायचं नाही. बंडखोर रोमन सेनापती सर्टोरियस इ.स.पू. ७२ च्या आसपास मारला गेला, त्याच्याभोवती असे हजारो लोक होते असं प्लुटार्क सांगतो. पण लुसितानींचा मोठा पुढारी विरिआथस, जो आठ वर्षं रोमला नाचवत होता, त्याचा इ.स.पू. १३९ मध्ये झोपेत गळा कापला तो त्याच्याच माणसांनी, रोमन लाच खाऊन. शपथा सगळीकडे सारख्या नव्हत्या.

शपथेचीच सौम्य बाजू म्हणजे पाहुणचार. डायोडोरस म्हणतो की परका माणूस गावात आला की त्याला आपल्या घरी न्यायला केल्टिबेरियनांत चढाओढ लागे आणि ज्याच्याकडे पाहुणा जाई तो देवाचा लाडका समजला जाई. हे नुसतं कौतुक नाही. तळहातात मावतील असे काशाचे तुकडे सापडतात. कुणी डुकराच्या आकाराचा, कुणी बैलाच्या, कुणी नुसता हात. एक बाजू फुगीर, दुसरी सपाट, आणि सपाट बाजूवर दोन-तीन शब्द कोरलेले. त्यात ‘कार’ हा शब्द वारंवार येतो, ज्याचा संबंध आयरिशमधल्या ‘मित्र’ या अर्थाच्या ‘कारा’शी जोडतात. असे दोन तुकडे एकमेकांना सपाट बाजूंनी चिकटवले की पूर्ण प्राणी होतो, किंवा दोन हात एकमेकांत गुंततात. अर्धा माझ्याकडे, अर्धा तुझ्याकडे. वर्षांनी तुझा मुलगा परगावी माझ्या दारात आला तर त्याने तुकडा काढायचा आणि मी माझा काढून जोडून बघायचा. बसला की तो घरचा.

कुठे जाणार गेलेले?

साधारण मरण आलं तर दहन. लढाईत पडलेल्याला मात्र जाळणं पाप. त्याला उघड्यावर ठेवायचं आणि गिधाडांनी त्याला वर नेऊन देवाच्या हवाली करायचं, असं एलियन हा लेखक वाकाईंबद्दल आणि सिलियस हा रोमन कवी केल्टिबेरियनांबद्दल सांगतो. ही कविकल्पना असेल असं वाटलं असतं, पण नुमान्तियाच्या मातीच्या भांड्यांवर चित्रं आहेत : आडवा पडलेला योद्धा आणि त्याच्यावर झेपावलेलं गिधाड. काळ्या रेषांत, लांबट मानेचं, ओळखायला चूक होणार नाही असं.

नुमान्तियाच्या वेढ्याची गोष्ट सगळीकडे सांगतात, म्हणून इथे थोडक्यात. इ.स.पू. १३४ मध्ये स्किपिओ आला, लढला नाहीच, गावाभोवती सुमारे नऊ किलोमीटरची भिंत आणि तळ उभारले आणि उपासमारीला काम करू दिलं. इ.स.पू. १३३ मध्ये गाव पडलं. सेगेडाच्या अर्धवट राहिलेल्या भिंतीपासून सुरू झालेलं भांडण स्किपिओने बांधलेल्या भिंतीने संपलं.

त्यानंतर ही माणसं नाहीशी झाली का? लगेच नाही. बोतोर्रितालाच १९७९ मध्ये उजेडात आलेला आणखी एक पत्रा आहे, लॅटिनमध्ये लिहिलेला, इ.स.पू. ८७ च्या १५ मे या तारखेचा. त्यात आहे पाटाच्या पाण्याचा खटला. साल्लुइए, म्हणजे आजच्या सारागोसाच्या लोकांनी पाट खणण्यासाठी सोसिनेस्तानी लोकांकडून जमीन विकत घेतली. शेजारच्या अलावोकरांनी, म्हणजे आजच्या आलागोनच्या लोकांनी हरकत घेतली. रोमन सुभेदाराने निवाडा स्वतः न करता कोंट्रेबियाच्या केल्टिबेरियन पंचांकडे सोपवला. अलावोच्या वतीने तेइताबासचा मुलगा तुरिबास बोलला. पंचांत पहिलं नाव आहे ते वर आलेल्या लुब्बुसचं, उर्दिनोकांचा, लेतोंदोचा मुलगा. निकाल साल्लुइएच्या बाजूने लागला. आयबेरियन आणि वास्कोन पक्षकार, केल्टिबेरियन पंच, लॅटिन निकालपत्र, आणि मुद्दा शेताला पाणी कुठून जाणार हा.

पाट झाला की नाही ते पत्रा सांगत नाही. पण साल्लुइएच्या जागी पुढे कायसारऑगुस्ता शहर उभं राहिलं, आणि १९९३ मध्ये त्याच एब्रो खोऱ्यातल्या आगोन गावी हेड्रियन बादशहाच्या काळातला, म्हणजे दोनशे वर्षांनंतरचा, काशाचा मोठा पत्रा सापडला. तोही पाण्याचाच आहे. कोणत्या गावाने पाट कधी साफ करायचा, आणि जो आला नाही त्याला दंड किती.